गळ, जाळे आणि होडी



रविवारची मिस्सा संपली की आवारातील चिंचेखाली जे दोन-चार घोळके उभे राहतात, त्यांपैकी एकात हमखास मासळीच्या गप्पा चाललेल्या असतात. खताचे भाव, उसाचे बिल, बैलाचे दुखणे हे विषय निघतात आणि संपतात. मासळीचा संपत नाही. कोणाचा मासा किती किलोचा होता, तो कसा निसटला, आणि मागच्या रविवारी हातभर असलेला तोच मासा या रविवारी दीड हात कसा झाला, हे मीही ऐकतो आणि हसतो.

आपल्या बेळगाव भागात घटप्रभा आहे, मलप्रभा आहे, हिडकल आणि नविलुतीर्थाची धरणे आहेत. गोव्याकडे साळावली आणि तिळारीचे पाणी आहे. धरणाच्या काठाला ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी मासळी ही केवळ हौस नाही. सुगी झाल्यावर आणि पेरणीच्या आधी, हाताला काम नसते त्या दिवसांत, घरात कालवण आणि चार पैसे तिच्यामुळेच येतात. म्हणून आजचा धडा त्यावर.

या धड्यामागे आणखी एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एका घरी सांत्वनाला गेलो होतो. घरचा कर्ता तरुण आदल्या संध्याकाळी धरणात बुडाला होता. तो उत्तम पोहणारा होता. पण जाळे ओढताना ट्यूब उलटली आणि त्याच्याच जाळ्याच्या दोरात त्याचा पाय अडकला. लोकांनी काठावरून जाळे आणून अंगणात टाकले होते. त्यातली मासळी कोणी काढली नव्हती. मी ती जाळी हातात घेऊन पाहिली. त्यात अडकलेले बहुतेक मासे माझ्या पंज्याहूनही लहान होते. एवढ्याशा पिल्लांसाठी एक घर उघडे पडले, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तेव्हापासून चिंचेखालच्या गप्पा मी जरा कान देऊन ऐकतो. त्यांत शहाणपण पुष्कळ आहे, पण काही समजुती अशा आहेत की त्या माणसाला किंवा पाण्याला महाग पडतात. त्या एकेक घेऊन पाहू. माझे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे : सामान असे असावे की माणूस घरी परत येईल, आणि पिल्लू पाण्यात परत जाईल.

१. “मासा मोठा होता, दोरा तोडून गेला!”

निसटलेल्या माशांपैकी पुष्कळ मासे दोरा तोडून जात नाहीत; गाठ सोडवून जातात. नायलॉनचा तंगूस गुळगुळीत असतो. सुताच्या दोरीला मारायची साधी गाठ त्याच्यावर धरत नाही, सरकते. त्याची गाठ अशी मारावी : दोरा गळाच्या डोळ्यातून ओवून घ्या. सुटे टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे फिरवा. मग ते टोक गळाच्या डोळ्याजवळ जी छोटी फट राहते तिच्यातून बाहेर काढा. आता गाठ पाण्याने किंवा थुंकीने ओली करा आणि सावकाश ओढून आवळा. कोरडी गाठ झटक्याने आवळली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो.

नायलॉनचा दुसरा शत्रू ऊन. आपले आजे-पणजे सुताची आणि तागाची जाळी वापरीत. ती कुजू नयेत म्हणून उन्हात वाळवणे भागच होते. नायलॉन कुजत नाही. पण उन्हाने त्याचा धागा ठिसूळ होतो. तरीही जुन्या सवयीने आपण नायलॉनचे जाळे दिवसभर कुंपणावर पसरून ठेवतो. जाळे धुऊन सावलीत वाळवा आणि उंदरांपासून वर टांगून ठेवा. गळाचा दोरा तर दरवर्षी बदललेला बरा. दहा-वीस रुपयांची ती बचत करण्यासारखी नाही.

आता आमिषाविषयी. “आज मासा लागेना” असे म्हणणारा पुष्कळदा चुकीच्या थरात गळ टाकून बसलेला असतो. माशाचे तोंड पाहा, तो कुठे जेवतो ते कळेल. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला व तोंड वर वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात असतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले असते. तो तळाशी चरतो. म्हणून मृगळासाठी शिसे लावून गळ तळाला न्यावा, आणि कटल्यासाठी बूच खाली सरकवून गळ वर ठेवावा. या तिघांना कणकेची किंवा भाजलेल्या डाळीच्या पिठाची गोळी चालते. मरळ, शिंगाळा आणि वाम हे मांसाहारी. त्यांना गांडूळ, झिंगा किंवा लहान मासा लागतो.

ज्यांच्याकडे चरखीची काठी आहे त्यांनी चरखीचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांशावर ठेवावा. सहा किलोचा दोरा असेल तर दोन किलो ओढ लागताच चरखी सुटली पाहिजे. मासा पळू द्यावा, दमू द्यावा, मग आणावा. मोठ्या माशाशी ओढाताण केली की काठी तरी मोडते, नाही तर आपण तरी पाण्यात पडतो.

२. “आस बारीक, तेवढी मासळी जास्त.”

आस म्हणजे जाळ्याचे भोक. आपल्या धरणांत बहुतेक ठिकाणी पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे लावतात. वर बुचे, खाली वजन, आणि मध्ये न दिसणारा धागा. मासा डोके आत घालतो, अंग जात नाही, मागे सरायला जातो तर कल्ले अडकतात. म्हणजे कोणता मासा सापडणार हे नशीब ठरवत नाही, आस ठरवतो.

हे घरी मोजता येते. मुलाच्या दप्तरातील पट्टी घ्या. एका आसाच्या समोरासमोरच्या दोन गाठी धरून ताणा आणि त्यांतील अंतर मोजा. ते ५० मिलिमीटर भरले तर त्या भोकाचा पूर्ण घेर १०० मिलिमीटर, म्हणजे १० सेंटिमीटर. ज्या माशाच्या अंगाचा घेर १० सेंटिमीटरपेक्षा थोडा अधिक तो त्यात अडकणार. असा कटला किंवा रोहू म्हणजे पंज्याएवढे पिल्लू. ताणलेला आस १५० मिलिमीटर असेल तर घेर ३० सेंटिमीटर होतो. त्यात अडकणारा मासा किलोभराचा किंवा त्याहून मोठा असतो.

आता शेतकऱ्याचे गणित करू. शंभर ग्रॅमची दहा पिल्ले आज धरली तर एक किलो मासळी झाली, आणि तिला भावही कमी. तीच दहा पिल्ले सोडली आणि पुढच्या वर्षापर्यंत त्यांतील निम्मी मेली असे धरले, तरी पाच उरतात. ती किलो-किलोची झाली तर पाच किलो, आणि भाव चांगला. हिरवी कणसे कापून कोणी वैरणीला घालतो का? मग धरणात आपण तेच का करतो?

येथे एक काका मला म्हणाले, “फादर, ती पिल्ली काय आमची न्हवं की! आमी सोडली तर दुसरा कोन तरी धरतोच.” हे बोलणे खोटे नाही, म्हणून त्याचे उत्तर एकट्याने देता येणार नाही. गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या बैठकीत सर्वांनी मिळून आस ठरवावा आणि बारीक जाळे लावणाऱ्याला सर्वांनी अडवावे. कटला, रोहू, मृगळ हे साठलेल्या पाण्यात सहसा आपोआप वाढत नाहीत. त्यांना अंडी घालायला पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. म्हणून धरणात बोटुकली विकत आणून सोडावी लागतात. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूजवळील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांची अंडी मिळवली. म्हणूनच आज शेततळ्यात आणि धरणात सोडण्याइतके बीज मिळते. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यपालक दिन पाळला जातो. बीज पैसे देऊन आणायचे आणि पंधरवड्याने तेच बारीक जाळ्यात मारायचे, म्हणजे पेरलेले बी सकाळी उकरून खाण्यासारखे झाले.

आणखी एक रास्त शंका आहे. “चिलापी मुळात लहान, ती धरायला बारीक आस नको का?” चिलापी परदेशातून १९५२ साली आपल्या देशात आली. ती साठलेल्या पाण्यातही भराभर वाढते आणि इतर माशांचे खाणे खाते. ती अवश्य धरावी. पण उथळ पाण्यात फेकजाळ्याने किंवा गळाने. फेकजाळ्यात कटल्याचे पिल्लू आले तर ते जिवंत असते, लगेच सोडता येते. रात्रभर उभ्या राहिलेल्या जाळ्यात मात्र पिल्लाचे कल्ले फाटलेले असतात; सकाळी सोडून उपयोग नाही.

आणि हरवलेल्या जाळ्याबद्दल. सुताचे जाळे पाण्यात राहिले तर काही महिन्यांत कुजून जाई. नायलॉनचे वर्षानुवर्षे राहते, आणि कोणीही न ओढता मासे मारीत राहते. बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांजवळ जाळे लावू नका, दोन्ही टोकांना ठळक बुचे बांधा, त्यांवर खूण करा, आणि हरवले तर शोधा.

३. “पहिल्या पावसात नुसता हात घातला तरी मासे!”

मृगाचे पाणी पडले, ओढे गढूळ वाहू लागले की नदीतले मासे उलटे वर चढतात. कोकणात त्यांना वलगणीचे मासे म्हणतात, घाटावर चढणीचे. भातखाचरापर्यंत मासे येतात. मुले-माणसे बत्त्या घेऊन धावतात. तो आनंद मी लहानपणी घेतला आहे, म्हणून कोणाला दोष देत नाही.

परंतु ते मासे वर का चढतात? त्यांच्या पोटात अंडी असतात. किलोभराच्या रोहूच्या मादीत लाखाच्या वर अंडी असतात. त्या रात्री ओढ्याला आडवे जाळे लावून सगळा प्रवाह अडवला तर पुढच्या वर्षीचे बीजच अडवले. अगदी खायचे असेल तर घरापुरते घ्या. पण निदान अर्धा ओढा मोकळा ठेवा. पावसाळ्यात सरकारचा बंदीकाळ असतो. त्याच्या तारखा राज्याराज्यांत वेगळ्या आहेत; तालुक्याच्या मत्स्य खात्यात विचारून घ्याव्यात.

मरळाबद्दल तर विशेष सांगावेसे वाटते. पावसाळ्यात तळ्याच्या काठाशी तांबूस पिल्लांचा एक गोळा पाण्यावर खळबळताना दिसतो. त्याच्या खाली त्यांचे आईबाप राखण करीत असतात. जाणता गळवाला नेमका त्या गोळ्यावर बेडूक टाकतो, आणि आपल्या पिल्लांवर कोण आले म्हणून मरळ त्याच्यावर झडप घालतो. मासा मोठा मिळतो यात शंका नाही. पण राखणदार गेल्यावर पिल्लांचा गोळा इतर मासे थोड्याच वेळात संपवतात. एवढी एक शिकार तरी सोडून द्यावी.

जिलेटिन, ब्लीचिंग पावडर, बॅटरीचा करंट यांबद्दल अधिक काय लिहू? स्फोटकाने आणि विषाने मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवले. जे पाणी आपली गुरे पितात त्यात विष टाकणे आणि हातात वात पेटवून उभे राहणे याला धाडस म्हणत नाहीत. हात गमावलेले लोक आपण पाहिले आहेत.

४. “ट्यूबवर बसून आमची हयात गेली.”

धरणात जाण्याची साधने मुख्यतः तीन. पहिली टोपलीसारखी गोल होडी. कानडीत तिला हरिगोलु म्हणतात, हैदराबादकडे तेलुगूत पुट्टी. ती फार जुनी आहे. इ. स. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवरच्या, आतून वेताच्या व बाहेरून कातड्याने मढवलेल्या गोल होड्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या चालताना सारख्या गोल फिरतात हेही त्याने टिपले. आज कातड्याच्या जागी प्लॅस्टिकचे कापड आणि डांबर आले, इतकाच फरक. ही होडी उथळ पाण्यात उत्तम. मात्र तिच्यात उभे राहू नये आणि दोघांनी एकाच बाजूला वाकू नये. एक जण जाळे ओढीत असेल तेव्हा दुसऱ्याने समोरच्या काठाशी खाली बसावे.

दुसरे साधन ट्रकची ट्यूब. ती स्वस्त आहे म्हणून सर्वांत जास्त वापरात, आणि तिचेच मला सर्वांत जास्त भय वाटते. एक काटा, एक गळ किंवा शिंगाळ्याचा एक काटेरी पर पुरतो. हवा गेली की दुसरे काही नाही. शिवाय पाय तासन् तास पाण्यात, जाळ्याच्या अगदी जवळ. ट्यूबच वापरावी लागत असेल तर एकाऐवजी दोन लहान ट्यूबा वेगवेगळ्या भरून वर फळी बांधा. एक फुटली तरी दुसरी धरेल. तिसरे साधन लाकडी किंवा फायबरची होडी. ती घेणे संस्थेलाच परवडेल, आणि संस्थेने ते मनावर घ्यावे.

साधन कोणतेही असो, या वस्तू बरोबर असाव्यात :

(अ) सुरी. तिला दोरी बांधून ती कमरेला किंवा गळ्यात, हाताला लगेच लागेल अशी ठेवा. पाय दोरात अडकला तर जाळे कापा. जाळे हजाराचे असेल, दोन हजाराचे असेल, कापा. ज्या तरुणाविषयी मी वर लिहिले, त्याच्याजवळ सुरी नव्हती.

(आ) दोन वल्ही. एक हातात, एक बांधलेले.

(इ) पाणी उपसायला तोंड कापलेला प्लॅस्टिकचा डबा, दोरीने होडीला बांधून.

(ई) नांगर म्हणून दगड आणि पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट लांबीचा दोर. दोर आखूड असेल तर लाट आली की होडीचे टोक खाली ओढले जाते. नांगर नेहमी होडीच्या पुढच्या टोकाला बांधावा, बाजूला किंवा मागे नव्हे.

(उ) शिट्टी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेला मोबाइल व टॉर्च.

(ऊ) लाइफ जॅकेट. त्याबद्दल पुढे.

५. “मला पोहता येतंय की! जॅकेट कशाला?”

पोहता येणारेच जास्त खोल जातात आणि पोहता येणारेच पुष्कळदा बुडतात. विहिरीत चड्डीवर पोहणे वेगळे. थंड पाण्यात, अंगावर कपडे, पायात दोर, आणि समोरून लाट, हे वेगळे.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तळ्यात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची होडी उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जॅकेट नव्हती. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण बुडाले. एक जण पोहून काठाला लागला. या होड्या मासेमारीच्या नव्हत्या. पण पाणी कोणत्या कामासाठी आलात हे विचारीत नाही.

जॅकेट कसे काम करते ते समजून घ्या. पाण्यात आपल्या शरीराचे बहुतेक वजन पाणीच पेलते. वर ठेवायचे असते ते फक्त डोके. त्यासाठी सुमारे पाच किलोचा आधार पुरे होतो. पोहता येणाऱ्यांसाठीचे साधे जॅकेट तेवढा आधार देते. बेशुद्ध माणसाचेही तोंड वर ठेवायचे असेल तर सुमारे दहा किलोचा किंवा त्याहून अधिक आधार देणारे चांगले जॅकेट लागते. विकत घेताना हे विचारा, आणि पट्टे बांधूनच घाला. होडीत बसायला घेतलेल्या जॅकेटचा बुडताना काही उपयोग होत नाही.

आज पैसे नाहीत? मग तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा घ्या. झाकण घट्ट लावा, पाण्यात दाबून हवा सुटत नाही ना ते पाहा, आणि मुठीला हातभर मऊ दोरी बांधा. पाच लिटर पाणी बाजूला सारणारा डबा जवळजवळ पाच किलोचा आधार देतो. तो छातीशी कवटाळला की हनुवटी पाण्याबाहेर राहते. तो जॅकेटची बरोबरी करीत नाही, कारण हात सुटला की डबाही गेला. पण काहीच नसण्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा, आणि फेकून दुसऱ्याला देता येतो.

६. “वारा काय, आत्ता पडेल. तोवर घोट घोट घेऊ.”

एप्रिल-मे महिन्यांत वळीव दुपारनंतर उठतो. धरणाचे पाणी लांबच लांब उघडे असते. वाऱ्याला अडवायला झाड नाही, टेकडी नाही. वारा जितके अंतर पाण्यावरून धावतो तितकी लाट मोठी होते. म्हणून अलीकडच्या काठाशी शांत दिसणारे पाणी पलीकडच्या काठाला होडी उलटवू शकते. आभाळ काळवंडले, थंड वाऱ्याचा पहिला झोत आला, की जाळे आहे तिथे सोडून जवळच्या काठाला या. आपल्या गावाच्या काठाला नव्हे, जवळच्या!

ढगाचा आवाज ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते असे समजा. उघड्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्ही आणि तुमची काठी. पाण्यातून बाहेर या, एकट्या झाडाखाली उभे राहू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास थांबा. धरणाच्या खालच्या अंगाला गळ टाकणाऱ्यांनी भोंग्याकडे लक्ष ठेवावे. दारे उघडली की पाणी चालत येत नाही, धावत येते.

आणि घोटाबद्दल. दारूने ऊब येते असे वाटते, कारण रक्त कातडीकडे येते. पण त्यामुळे शरीराची खरी ऊब उलट बाहेर जाते. तोल जातो, अंदाज चुकतो. गप्पांना रंग आणायचा असेल तर थर्मासमध्ये चहा न्या.

७. आरोग्यासाठी थोडे

गळ बोटात रुतला : काटा कातडीखाली गेला असेल तर ओढू नका. दोरा कापा, गळ हलणार नाही असे फडके बांधा आणि आरोग्य केंद्रात जा. डोळ्याजवळ असेल तर हातही लावू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन गेल्या पाच वर्षांत झाले नसेल तर घ्या.

काटेरी मासा टोचला : शिंगीसारख्या माशाच्या काट्यात विष असते, वेदना भयंकर होतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा तास ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. पाणी आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने पाहावे, म्हणजे भाजणार नाही.

पाण्यात काम केल्यानंतर ताप : जखमा असलेल्या पायांनी चिखलपाण्यात उभे राहिल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल अशी लक्षणे आली तर ती लेप्टोस्पायरोसिसची असू शकतात. उंदरांच्या मुतामुळे हा रोग पाण्यातून येतो. डॉक्टरांना “मी पाण्यात उतरलो होतो” हे आपणहून सांगा. वेळेवर औषध मिळाले तर माणूस बरा होतो.

कोणी बुडत असेल तर : एकदम उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा गेला आणि दोन्ही घरे बसली, असे फार घडते. काठी पुढे करा. साडी, धोतर, दोर, रिकामा डबा फेका.

बाहेर काढल्यावर : पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे, कुंभाराच्या चाकावर फिरवणे या जुन्या रीती सोडा. त्यांत सोन्यासारखी मिनिटे जातात, आणि पोटातले पाणी श्वासनळीत जाते. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला पाठीवर सपाट झोपवा. डोके मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. छाती वर येते ना ते पाहा. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ३० वेळा जोराने व भराभर दाबा, पुन्हा २ श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.

बंधुभगिनींनो, शुभवर्तमानात आपल्याला जे कोळी पहिल्यांदा भेटतात ते जाळी टाकताना आणि जाळी नीट करताना भेटतात. काठावर बसून सामान नीट करणे हेही मासेमारीचेच काम आहे, आणि माझ्या मते अर्धे काम तेच आहे.

या आठवड्यात घरी करून पाहा :

१. आपल्या जाळ्याचा आस पट्टीने मोजा आणि वहीत लिहा.

२. गळाची गाठ मुलांना शिकवा. ती कोण लवकर शिकतो ते पाहा.

३. एक रिकामा डबा दोरी बांधून तयार करा.

४. सुरी कोठे आहे?

५. पाण्यावर जाताना कोठे जातो आणि केव्हा परत येणार हे घरात कोणाला सांगता? आजवर सांगत नसाल तर आजपासून सांगा.

घरच्या बायकांना एक विनंती. पुरुषमाणूस जाळे घेऊन निघाला की “मासे किती आणाल?” असे विचारण्याआधी “डबा घेतला का, सुरी घेतली का?” असे विचारा. तो चिडेल, चिडू द्या. घेऊन जाईल.

पुढच्या रविवारी चिंचेखाली भेटूच. निसटलेल्या माशाची गोष्ट मी पुन्हा ऐकेन, आणि तो वीतभर वाढला असला तरी तक्रार करणार नाही. सांगणारा समोर उभा असला म्हणजे झाले.